सायकल देणारे भेटतात, चेन देणारा भेटत नाही



मागच्या रोवणीपासून इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग थंडी पडली, मग नुसताच आळस... असो. आज लिहायला बसलो त्याला कारण आहे आणि ते घरातलंच आहे. म्हणून हा लेख निम्मा तुम्हा ब्लॉगमित्रांसाठी आणि निम्मा आमच्या नातेवाइकांसाठी. नातेवाइकांनी रागावू नये. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवावं, एवढी जुन्या मास्तराची विनंती.

झालं असं की माझी धाकटी नात अकरावीत आहे आणि ती सायकलच्या शर्यती खेळते. सडकेवरच्या, लांब पल्ल्याच्या. गेल्या वर्षी ती जिल्ह्यातून विभागावर आणि विभागातून राज्यावर गेली. राज्यात तिचा अकरावा नंबर आला. ही बातमी पसरल्यावर आमच्या पुण्याच्या, बंगलोरच्या आणि न्यू जर्सीच्या मंडळींनी आपसात ठरवून टाकलं की पोरीला वाढदिवसाला कार्बनची नवी सायकल घेऊन द्यायची. किंमत एक लाख नव्वद हजार रुपये. पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्ही फक्त तिची उंची आणि पायाचं माप मोजून पाठवा. बाकीचं आम्ही पाहून घेतो."

मी माप पाठवलं नाही. "सायकल नको" असं कळवलं. कुणाला न विचारता कळवलं, ही माझी चूक. तेव्हापासून नात माझ्याशी बोलत नाही. सून बोलते, पण जेवढ्यास तेवढं. मुलगा मधल्या मधे. काल सकाळी नातीनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला तो असा, की निम्मा चहा बशीत!

तर मी नको का म्हणालो, ते नीट सांगतो.

आमच्या काळी भंडाऱ्यात सायकल ही चैन नव्हती, पाय होती. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जाणाऱ्यांच्या सायकली सकाळी पाहाव्या! डब्याची पिशवी हँडलला, पँटीला क्लिप. वरठीच्या स्टेशनवर (म्हणजे भंडारा रोड) जायचं तरी सायकल आणि वैनगंगेच्या पलीकडे सोयरिकीला जायचं तरी सायकल. मी कैची मारून शिकलो, भाड्याच्या सायकलवर, तासाला पंचवीस पैसे. नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारात काळी ॲटलस घेतली. ती चौतीस वर्षं चालवली. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. बातमी वाचून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारखान्याला माहीत नव्हतं काय, आज कोणता दिवस आहे ते?)

त्या काळ्या सायकलची एक गंमत होती. तिला काही झालं की पंचक्रोशीतला कुठलाही सायकलवाला ते दुरुस्त करायचा. चाकाला आउट आला, काढला. छर्रे गेले, मूठभर छर्रे ग्रीसमध्ये घोळून बसवले. कॉटर पिन ढिली झाली, हातोडीचे दोन ठोके. हवा गेली तर व्हॉलट्यूबचा एवढासा तुकडा. सगळा खर्च खिशातल्या चिल्लरमध्ये. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की सायकल एकदा घ्यायची असते आणि मग ती आपोआप चालते. माझ्या मते घोटाळा इथेच आहे. न्यू जर्सीला जाऊनही आमच्या मंडळींच्या डोक्यातली सायकल अजून ॲटलसच आहे, फक्त कार्बनची.

नातीची आत्ताची सायकल जुनी आहे. नागपूरच्या एका डॉक्टरांनी दोन वर्षं वापरलेली, ॲल्युमिनियमची, मागे नऊ चकत्यांची कॅसेट, पुढे दोन. शेहेचाळीस हजाराला घेतली. तेव्हा माझी छाती धडधडली होती. पण घेतली, आणि मास्तरकीची खोड म्हणून पहिल्या दिवसापासून वही घातली. त्या वहीतला गेल्या जून ते मे या वर्षाचा हिशेब पाहा.

दोन चेन, प्रत्येकी चौदाशे पन्नास. एक कॅसेट, तेवीसशे. टायर तीन, एकवीसशे रुपयाला एक. ट्यूब सात (सात!), चारशेला एक. ब्रेकची रबरं आणि केबल मिळून सोळाशे पन्नास, हँडलची पट्टी सहाशे, बुटाच्या तळाला लावायच्या क्लीट चौदाशे. नागपूरला नेऊन दोनदा सर्व्हिसिंग, छत्तीसशे. चेनचं तेल, धुवायचं द्रावण, ब्रश वगैरे साडेनऊशे. बेरीज बावीस हजार पाचशे रुपये. ही नुसती सायकलची बेरीज. पाच शर्यतींचा प्रवास, मुक्काम, प्रवेश फी, सोबत बाप, आणि रेल्वेत सायकल न्यायची हमाली-विनवणी, हे एकतीस हजार. एकूण त्रेपन्न हजार पाचशे. म्हणजे शेहेचाळीस हजाराच्या सायकलीनं एका वर्षात आपल्या किमतीहून जास्त खाल्लं. पोरीचं खाणं यात धरलेलं नाही. ते धरलं तर सून मला वही दाखवायला सांगेल.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, एवढा खर्च येतोच कसा? नीट वापरत नसेल पोरगी. तसं नाही. ती आठवड्याला सरासरी दोनशे किलोमीटर चालवते. पहाटे पाचला निघते, कधी साकोलीच्या दिशेनं, कधी तुमसरच्या. आमच्या सडकांवर काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. नदीतून रेतीचे ट्रक निघतात, ओली रेती सांडत जातात. ती वाळली की सडकेच्या कडेला बारीक थर बसतो आणि कडेनंच तर सायकल चालवायची असते. ती रेती तेलकट चेनला चिकटते आणि मग चेन आणि चकत्या यांच्यामधे कानस फिरल्यासारखं होतं. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरावर येतात, चिखलाची ढेकळं मैलभर. पुण्याच्या सायकलस्वाराची चेन जितकी चालते तितकी इथे चालत नाही.

चेन कशी झिजते हे मला पासष्टीनंतर कळलं, पण कळल्यावर फार आनंद झाला. चेन 'ताणली' जाते म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आपल्या भोकात घासून किंचित सैल होते, आणि अशा शंभरावर पिनांची सैल एकत्र होऊन चेन लांब होते. मोजायची रीत सोपी आहे. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, माझ्या ॲटलसच्या चेनचंही तेवढंच आणि हिच्या चेनचंही तेवढंच. म्हणजे चोवीस अंतरं बरोबर बारा इंच, आपली शाळेची फूटपट्टी! पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध धरायचा आणि पंचविसावी पिन पट्टीच्या टोकाशी येते का पाहायचं. ती दीड मिलिमीटर बाहेर गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. तीन मिलिमीटर गेली असेल तर उशीर झाला, मागच्या चकत्यांचे दातही त्या लांब चेनच्या मापानं झिजले, आता कॅसेटही गेली. चौदाशे वाचवायला जावं तर तेवीसशे आणखी जातात. मी दर रविवारी मोजतो. तिसरीच्या मुलांना मापन शिकवताना ही चेन हाती असती तर किती बरं झालं असतं.

आणि हे नुसतं पैशाचं नाही. इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी या ब्लॉगवर आजवर लिहिली नाही.

१९९६ सालची गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवत होतो, पण आमचे पी.टी.चे सर बदलून गेले आणि खेळाचा चार्ज माझ्या गळ्यात पडला. नववीत एक मुलगी होती. सात किलोमीटरवरच्या गावाहून भावाच्या काळ्या सायकलवर यायची, दांड्याची सायकल, सीटवर बसलं की पाय पुरायचे नाहीत म्हणून उभ्यानंच चालवायची. एसटीच्या आधी शाळेत पोहोचायची. मी तिचं नाव विभागाच्या शर्यतीत दिलं. निघायच्या आदल्या दिवशी सायकल दुकानात नेली. दुकानदारानं चेन बोटानं उचलून दाखवली आणि म्हणाला, "गुरुजी, चेन आन् फ्रीव्हील दोनी बदलवून टाका. जोर लावला का घसरून राहिली." किती होतील? एकशेचाळीस रुपये. शाळेचं खेळाचं अनुदान यायचं होतं. मी म्हटलं, शर्यत होऊ दे, आल्यावर बदलू. तेल घाल.

त्यानं तेल घातलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत ती पहिल्या तिघींत होती. शेवटच्या वळणावर उभी राहून जोर लावला आणि चेन घसरली. पायडल रिकामं गेलं, ती हँडलवरून पुढे पडली. हंसळीचं हाड मोडलं. मी धावत गेलो तेव्हा ती रडत नव्हती, मलाच म्हणाली, "सर, चेन पडली." तिच्या वडिलांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण पोरीला पुन्हा शर्यतीला पाठवलं नाही. पुढे तिचं लग्न झालं. आता बाजाराच्या दिवशी कधी भेटते, हसून नमस्कार करते, भाजीचा भाव माझ्यासाठी कमी करायला लावते. मी त्या एकशेचाळीस रुपयांबद्दल तिला कधीच सांगितलेलं नाही. ती आता हे वाचणार नाही, म्हणूनच कदाचित इथे लिहितो आहे.

त्या वर्षी कुणी मला नवी सायकल देणारा भेटला असता का? भेटला असता! गावातल्या कुणाही पुढाऱ्यानं दिली असती. मंडप, हार, फोटो, सायकलच्या हँडलला रिबीन. चेनला रिबीन बांधता येत नाही. आजवर एकाही पेपरात "अमुक साहेबांच्या हस्ते ब्रेकच्या रबराचे वाटप" अशी बातमी मी वाचलेली नाही. :-)

शासनाचंही थोडंफार असंच चालतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ पासून ही रक्कम पाच हजार रुपये आहे, आधी साडेतीन हजार होती. ही योजना चांगली आहे, हे मी ठासून सांगतो. या सायकलींमुळे किती मुलींची शाळा टिकली ते मास्तरांना विचारा. पण पैसे सायकल घेण्यासाठी आहेत, पुढचं पंक्चर घरचं. आणि ज्या घरात सायकल घ्यायला पैसे नव्हते त्या घरात ट्यूबला कुठून येणार? मग सायकल भिंतीला टेकते, आधी मडगार्डवर मिरच्या वाळतात आणि मग कोंबड्या बसतात. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, चांगलं झालं. पण परदेशी सायकलींवरची कस्टम ड्यूटी २०२३ च्या अर्थसंकल्पात तीसची पस्तीस टक्के केली होती. शर्यतीच्या वरच्या दर्जाच्या सायकली बहुतेक बाहेरून येणाऱ्या, तेव्हा खेळाडूची फोड तिथेच वाढली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यातल्या पोरी पुढे गेल्याच ना! गेल्या. आणि त्याचा मला फार अभिमान आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला टीम स्प्रिंटच्या संघात तिघी होत्या, त्रियाशा पॉल, मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे. त्यातल्या मयुरी आणि सुशिकला या दोघी आपल्या भंडारा जिल्ह्याच्या! तीनपैकी दोन! स्पर्धा बर्मिंगहॅमची असली तरी सायकलच्या ट्रॅकच्या शर्यती लंडनच्या ली व्हॅली व्हेलोड्रोमवर झाल्या. उताराच्या लाकडी गोल ट्रॅकवर चालणारी ती सायकल वेगळीच. तिला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, गिअर एकच, चाक फिरतं तोवर पाय फिरलेच पाहिजेत. भंडाऱ्यात असा ट्रॅक नाही. महाराष्ट्रात व्हेलोड्रोम म्हटलं की पुण्याचं बालेवाडी. म्हणजे आमच्या पोरींना आधी घर सोडावं लागतं, मग सायकल भेटते. ज्यांना घर सोडता आलं त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचं उदाहरणही मला लोक देतात. त्यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे चार हजार आठशे किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली होती. जिद्द तर आहेच, नतमस्तक व्हावं अशी. पण त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते आणि गाडीत माणसं असतात. रात्री दिवा दाखवणारी, पंक्चर काढणारी, भरवणारी. फोटोत एकटा दिसतो तो एकटा नसतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली, आंतरराष्ट्रीय संघ आले. माझी नात ती मोबाइलवर डोळे फाडून पाहत होती. मी तिच्या मागे उभा. ती सायकली पाहत होती, मी मागून येणाऱ्या गाड्या पाहत होतो. टपावर जादा सायकली, जादा चाकं आणि आत मेकॅनिक. मला तो मेकॅनिक हवा आहे, मंडळी! सायकल नको.

आणि कार्बनचं खरंच एवढं काय आहे? सायकलचं वजन किती कमी असावं यावर यूसीआयनंच (सायकलीची जागतिक संघटना) मर्यादा घातली आहे, ६.८ किलोच्या खाली शर्यतीत चालत नाही. नातीची सायकल साडेदहा किलोची. फरक आहे, कबूल. बोरघाट असता तर मी मानलं असतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्याला 'घाटाचा राजा' म्हणतात त्याला एकेक किलो महत्त्वाचा. पण आमच्याकडे घाट आहे कुठे? वैनगंगेच्या पुलाचा चढ हाच आमचा हिमालय. सपाट सडकेवर तीस-पस्तीसच्या वेगानं जाताना खरा शत्रू वजन नाही, वारा आहे. ताकदीचा बहुतेक भाग हवा कापण्यात जातो. कोपर मोडून, पाठ वाकवून बसायला पैसे पडत नाहीत, सराव पडतो. झिजलेली मळकी चेन मात्र सपाटीवरही ताकद खाते आणि गुळगुळीत टायर वळणावर घात करतो.

ग्रॅहॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसाची गोष्ट इंटरनेटवर सगळ्यांनी वाचली असेल. त्यानं १९९३ साली नॉर्वेत एका तासाचा विश्वविक्रम केला, ५१.५९६ किलोमीटर, आणि तोही घरी बनवलेल्या सायकलवर, जिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग बसवले होते. ही गोष्ट भाषणात सांगणारे लोक बहुतेक वेळा पैसे न देणारे असतात, असा माझा अनुभव आहे. "बघा, गरिबीतही होतं!" अहो, तो स्वतः सायकल दुकान चालवणारा कारागीर होता! वॉशिंग मशीनचा बेअरिंग का बसवायचा हे त्याला कळत होतं. आमच्या तालुक्यात प्रेस्टा व्हॉलचा पंप नाही. नातीच्या ट्यूबचा तो बारीक लांब व्हॉल पाहून पंक्चरवाला भाऊ म्हणाला, "हे काय होय जी, इंजेक्शन?" चाळीस रुपयाचा पितळी ॲडॉप्टर मी त्याला आणून दिला. भंडारा पितळेचं गाव, आणि एवढा पितळी तुकडा नागपूरहून आणावा लागला! आता तो भाऊ हुशारीनं ट्यूब बदलतो, गिअरची केबलही ओढायला शिकला आहे. गरीब मुलांच्या सायकली तो उधारीवर करतो, हे मी पाहिलं आहे. त्याला कुणी पुरस्कार दिल्याचं पाहिलं नाही.

म्हणून नातेवाईक मंडळींना माझं सांगणं असं. एक लाख नव्वद हजार ही तुमच्या प्रेमाची रक्कम आहे, ती मला परत करायची नाही. पण तिची कार्बन सायकल आली तर काय होईल? अकरा-बारा चकत्यांची कॅसेट, तिची चेन आणखी पातळ आणि आणखी महाग. नागपूरशिवाय हात लावणारा नाही. एकदा फ्रेमला तडा गेला की आमचा वेल्डिंगवालाही कामाचा नाही. वर्षाचे बावीस हजार चाळीस होतील आणि ते द्यायला तुमच्यापैकी कुणी वाढदिवसाला येणार नाही, कारण चेनचा वाढदिवस नसतो. माझी पेन्शन किती आहे ते तुम्हाला माहीत आहे.

त्याऐवजी असं करा. त्यातले पन्नास हजार वर्षाला, सलग तीन वर्षं, नातीच्या चेन-टायर-प्रवासाला. उरलेल्या चाळीस हजारातून त्या पंक्चरवाल्या भावाला दुरुस्तीचा स्टँड, चेन काढायचं अवजार, नीट पाने, दाबाचा काटा असलेला पंप, आणि नागपूरच्या दुकानात पंधरा दिवस शिकायला पाठवायचा खर्च. पंधरा दिवस दुकान बंद राहील त्याची मजुरीही धरा. तो शिकला तर माझ्या नातीचीच नाही, आणखी आठ-दहा पोरी पहाटे त्या सडकेवर दिसतात, त्यांच्याही सायकली नीट होतील. आणि शाळेत भिंतीला टेकलेल्या त्या सायकलीसुद्धा.

पुतण्याचं यावर म्हणणं आलं, "काका, तुमचं बरोबर आहे हो, पण पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. सोळा वर्षाच्या पोरीला चकाकणारी सायकल हवी असते, मलाही सोळाव्या वर्षी हवी होती. राज्याच्या शर्यतीला ती गेली तेव्हा बाजूला उभ्या मुलींच्या सायकली पाहून तिनं आपल्या सायकलवरचा जुना ओरखडा रुमालानं झाकला होता. हे मला मुलानं सांगितलं. तो रुमाल माझ्या डोक्यातून जात नाही. हिशेबाच्या वहीत रुमालाचा रकाना नाही.

हे सगळं मी परवा रात्री नातीला सांगायला गेलो. चेन, कॅसेट, वारा, ओब्री. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबाजी, तुम्ही मला विचारलं असतं तर मीच कदाचित नाही म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाही." आणि दार लावून घेतलं.

मी तिला १९९६ ची गोष्ट सांगितलेली नाही. तिला हा लेख वाचायला देणार आहे, प्रकाशित करण्याआधी. तिनं नको म्हटलं तर तुम्ही हा वाचतच नसाल! आणि तिनं त्याउपर कार्बनच हवी म्हटलं, तर पुतण्याला माप पाठवीन, पण तिनं सांगितल्यावर, माझ्या अंदाजानं नाही.

(ता.क. : तिनं वाचला. काही बोलली नाही. रविवारी सकाळी सायकल अंगणात उलटी ठेवली, माझी फूटपट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चेन मोजली. एक मिलिमीटर. "अजून एक महिना जाईल," म्हणाली. पुतण्या, मापाचं नंतर कळवतो.)